ओल्या दोरीचं माप

माझी आत्या भांडखोर आहे असं सगळं गाव म्हणतं आणि गावाचं चुकतं असं मी तरी म्हणणार नाही. ती माझ्या दुकानात आली की मशीनसुद्धा दबकून चालतं. मी शिंपी आहे. बावीस वर्षं या गावाच्या कमरा मोजतोय, त्यामुळे कोण किती सुटलाय आणि कोण किती फुगवून सांगतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

गाव नदीच्या काठाला आहे. दर वर्षी पूर येतो, निम्मी कुंपणं घेऊन जातो आणि बदल्यात काठाला काळ्या गाळाचा लांबलचक पट्टा ठेवून जातो. त्या गाळात बी टाकायचं आणि पटकन बाजूला व्हायचं, एवढीच मेहनत. तो गाळ कुणाच्या बापाचा नाही, म्हणून नऊ घरांना त्यात एकेक पट्टी. पुरात खुंट्या वाहून जातात, त्यामुळे पट्ट्या दर वर्षी नव्यानं मोजायच्या. प्रत्येकाला एक दोरी रुंदी, ना कमी ना जास्त.

ती दोरी दोरीकाकांकडे असते. त्यांचं खरं नाव बहुतेक त्यांनाही आठवत नसेल. उंच, वाळके, तोंडातून शब्द काढायचा तर आधी आत जाऊन परवानगी घेऊन येतात की काय असं वाटावं इतके कमी बोलणारे. वर्षभर दोरी माळ्यावर टांगतात, उंदरांपासून राखतात. मोजणीच्या दिवशी सकाळी ती नदीत बुडवतात, पिळतात आणि मग कामाला लागतात. बुडवायची कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "तशीच पद्धत आहे." त्यांच्या आजोबांनी बुडवली, वडिलांनी बुडवली, म्हणून तेही बुडवतात.

मोजणीचा क्रम मानाप्रमाणे. पहिली पट्टी अध्यक्षांची. हे आमच्या गाळ समितीचे अध्यक्ष. एकोणीस वर्षांपूर्वी ते 'तात्पुरते' म्हणून खुर्चीत बसले ते अजून उठलेले नाहीत. दुसरी डॉक्टरांची, तिसरी गिरणीवाल्यांची, असं करत करत नववी आत्याची. आत्याचे यजमान होते तेव्हा त्यांचा नंबर चौथा होता. ते गेले त्या वर्षी अध्यक्ष म्हणाले, "एकट्या बाईला काय घाई?" आणि आत्या शेवटी गेली. त्याला अठरा वर्षं झाली. गावात कुणालाही आता त्यात काही वावगं वाटत नाही. आत्याला मात्र रोज सकाळी नव्यानं वाटतं.

या वर्षी मोजणी संपली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आत्याच्या आधी आठ पट्ट्या मोजायच्या म्हणजे आठ वेळा खुंट्या ठोकायच्या, आठ वेळा चहा, आणि डॉक्टर व गिरणीवाले यांच्यात एका खुंटीवरून तासभर तू तू मैं मैं. आत्याची खुंटी ठोकून झाली आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो दोरीवाले," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अध्यक्षांच्या वेळी दोरी ताणता आणि माझ्या वेळी ढिली सोडता. दर वर्षी बघते आणि दर वर्षी बोलते मी. हातचलाखी करता तुम्ही!"

दोरीकाकांचा चेहरा पडला. ते दोरी गुंडाळत राहिले. ज्याला बोलता येतं तो माणूस असल्या वेळी चार शिव्या देऊन मोकळा होतो. यांना तेही येत नाही.

अध्यक्षांना मात्र या वेळी आयतीच संधी मिळाली. त्यांचे जावई गेली तीन वर्षं रिकामे बसलेत आणि दोरी धरायला अक्कल लागत नाही, असं अध्यक्षांचं मत आहे. "गंभीर आरोप आहे," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी शाळेत बैठक. पुरावा आणा. खरं निघालं तर दोरी दुसऱ्याकडे जाईल."

"दोरी खोटी निघाली तर मी तिला हातच लावणार नाही," दोरीकाका म्हणाले. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आत्या माझ्या दारात. "ऊठ मेल्या. टेप घे."

"आत्या, माझा टेप छातीची मापं घ्यायचा आहे. दीड मीटरचा."

"मग दहा-वीस वेळा लाव. तुझं काय झिजतंय?"

माझे गुडघे झिजले. अध्यक्षांच्या पट्टीवर मी गाळात रांगत टेप लावत होतो आणि टेप संपेल तिथं आत्या केसातला आकडा काढून रोवत होती. पलीकडे दोन म्हशी पाण्यात बसून आमच्याकडे बघत होत्या. अध्यक्षांची पट्टी भरली सत्तावीस मीटर. मग आम्ही गाळ तुडवत आत्याच्या पट्टीवर गेलो. पुन्हा रांगलो. साडेएकोणतीस.

"चुकलास," आत्या म्हणाली.

पुन्हा मोजली. साडेएकोणतीस. तिसऱ्यांदा तिनं स्वतः टेप धरला आणि मला आकडे रोवायला लावले. साडेएकोणतीसच. मधली गिरणीवाल्यांची पट्टी मोजली, ती सत्तावीस मीटर आणि वर एक वीत. म्हणजे अध्यक्षांपासून आत्यापर्यंत पट्ट्या हळूहळू रुंद होत गेल्या होत्या.

तिथं चिखलात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला माझीच लाज वाटली. सुती कापड भिजलं की आटतं. मी बावीस वर्षं प्रत्येक कापड भिजवून, वाळवून मगच कात्री लावतो. आणि बावीस वर्षं याच काठावर उभा राहून दोरी बुडवताना बघतो! दोरीचा पीळ तर ओला झाला की फुगतो, म्हणून सकाळची ओली दोरी आखडलेली असते. ऊन चढतं तशी ती वाळते, सैल होते, लांबते. पहिल्या नंबरासाठी जीव टाकणाऱ्या अध्यक्षांना एकोणीस वर्षं सगळ्यात अरुंद पट्टी मिळत होती आणि शेवटी ढकललेल्या माझ्या आत्याला सगळ्यात रुंद.

मला इतकं हसू आलं की मी गाळात आडवा झालो. आत्या हसली नाही. ती आपल्या पट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. अडीच मीटर म्हणजे कलिंगडाच्या वेलांची एक सरळ ओळ, काठापासून पाण्यापर्यंत. तिच्याकडे दुसरी जमीन नाही. त्या एका ओळीवर तिचा हिवाळा निघतो, हे मला माहीत होतं.

"आत्या," मी म्हणालो, "गप्प बसायचं. बैठकीत म्हणायचं पुरावा नाही मिळाला, आणि विषय संपला."

"आणि दोरीवाले?"

"त्यांचं काय? पुरावा नसला तरी अध्यक्ष दोरी काढून घेणारच, आणि काका म्हातारे झालेत. जावई धरेल दोरी. तोही बुडवेलच, सासऱ्यानं सांगितल्यावर. तुझी ओळ शाबूत."

मी काही संत नाही. त्या ओळीतली कलिंगडं मीही खातो.

आत्यानं रोवलेले आकडे उपटून घेतले. परत येताना तिनं मला एकदाही शिवी दिली नाही, तेव्हाच मला काळजी वाटायला लागली होती.

संध्याकाळी शाळेच्या वर्गात गाव जमलं. बाकं पहिलीच्या पोरांची, त्यामुळे डॉक्टर त्यात अडकले ते शेवटपर्यंत अडकलेच. अध्यक्ष मास्तरांच्या खुर्चीत. शेजारी जावई, नवा शर्ट घालून. तो शर्ट मीच शिवलाय आणि तो त्याच्या पोटावर ताणला जातो ही माझी चूक नाही.

दोरीकाका आले, त्यांनी दोरीचं वेटोळं टेबलावर ठेवलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. एकदा खिशात घालत, एकदा मागे बांधत. मला त्यांच्याकडे बघवेना.

"बाई, पुरावा?" अध्यक्ष म्हणाले.

आत्या उठली. "नाही."

"म्हणजे मापात खोट नाही?"

आत्यानं टेबलावरच्या वेटोळ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, बस खाली, बस. अध्यक्षांनी घसा साफ केला. "असो. बाईंना भीती वाटत असेल. पण एकदा संशय आला की आला. दोरी आजपासून आमचे जावई..."

"थांबा!" आत्या ओरडली. "भीती? मला? कुणाची, तुमची? माप चुकलंय. पण जास्त मला मिळालंय. अडीच मीटर जास्त. दोरीवाल्यांनी काही केलेलं नाही. त्यांनी जन्मात कधी काही केलेलं नाही. मी अठरा वर्षं उगाच बोंब मारली. ए, सांग यांना."

हे शेवटचं मला. मी उठून ओल्या कापडाचं सगळं सांगितलं.  आधी गिरणीवाले बोटांवर हिशेब करू लागले. मग अध्यक्षांच्या लक्षात आलं.

"म्हणजे मला..."

"सगळ्यात कमी," मी म्हणालो. "दर वर्षी."

त्यांचा चेहरा बघून माझ्या दुखऱ्या गुडघ्यांचं सार्थक झालं. एकोणीस वर्षं छाती पुढे काढून पहिल्या खुंटीशी उभा राहणारा तो माणूस. त्यांनी जावयाकडे असं बघितलं की जणू त्यानंच दोरी भिजवली.

"मी प्रत्येक पट्टीआधी बुडवतो," दोरीकाका भिंतीपाशी उभे राहूनच हळूच म्हणाले. "सगळ्यांना सारखी येईल."

साधी, सरळ गोष्ट. कुणीही हो म्हणालं असतं. पण तोपर्यंत खोलीतल्या प्रत्येकाला शेवटच्या पट्टीची रुंदी कळली होती.

"पद्धत मोडायची नाही," अध्यक्ष म्हणाले. "सकाळी एकदाच बुडवायची. पूर्वजांनी काही विचार करूनच ठरवलं असेल. मात्र मोजणी उद्या नव्यानं. आणि मी गावाचा सेवक, सेवकानं शेवटी उभं राहावं."

"मीही नेहमी मागेच असतो," डॉक्टर बाकातून म्हणाले. "रोगी आधी, डॉक्टर नंतर."

मग जो तो नम्र झाला. गिरणीवाल्यांना तर एकाएकी पहिल्या नंबराचा अहंकार नकोसा झाला. इतकी विनम्र माणसं मी एका खोलीत कधी पाहिली नव्हती. दोरी दोरीकाकांकडेच राहिली, कारण या घाईत तिच्याबद्दल बोलायला कुणाला सवडच नव्हती. जावई शर्टाची बटणं सोडत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मोजणी सकाळी सातला. सातला काठावर आम्ही तिघंच: दोरीकाका, आत्या आणि मी. वरच्या रस्त्यावर डॉक्टर बुटाची नाडी बांधत होते, ती साडेसातपर्यंत बांधून होत नव्हती. अध्यक्षांचा निरोप आला होता की पोट बिघडलंय, दुपारी येतो.

दोरीकाकांनी दोरी पाण्यात बुडवली, पिळली. "बाई, पहिली कुणाची?"

"माझी," आत्या म्हणाली. "कुणीतरी व्हायला हवंच ना पहिलं. घ्या मोजायला."

दोरीकाका हलले नाहीत. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, मग दोरीकडे. "जरा बसा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी दोरी उन्हात पसरतो. तासाभरात वाळेल. कुणाला कळणार नाही."

मी चमकून बघितलं. हा माणूस सख्ख्या भावासाठी दोरी बोटभर सैल सोडणारा नव्हता. तो मान खाली घालून उभा होता, कानापर्यंत लाल झालेला. मला वाटलं, आत्या हो म्हणेल. म्हणावं असंही वाटलं. अख्खी ओळ होती ती.

आत्याचे डोळे भरून आले होते. तिनं ते मुळीच पुसले नाहीत.

"अहो," ती म्हणाली, "अठरा वर्षं मी तुम्हाला चोर म्हटलं, ते खोटं होतं. आता खरं नका करू."

दोरीकाकांनी दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते गाळातून चालत गेले. दोरी संपली तिथं थांबले. तिच्यातून अजून पाणी ठिबकत होतं. आत्यानं दोरी घट्ट धरली आणि मला म्हणाली, "बघत काय बसलास? खुंटी ठोक."