थिजण्याचा वेळ

मुद्रितशोधनाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी उंदीर बघायला लागलो. असं सांगितलं की लोक हसतात, आणि मग मला पुढचं सांगता येत नाही. लिहून तरी जमतंय का पाहतो.

प्रयोगशाळेत एका पेटीत एक उंदीर सोडतात. पेटीचं छत म्हणजे एक पडदा. त्यावर काळा ठिपका उमटतो आणि झडप घालणाऱ्या घारीसारखा भराभर मोठा होत जातो. उंदराला कुणी शिकवलेलं नसतं, तरी तो एकतर कोपऱ्यातल्या आडोशाला पळतो, नाहीतर जागच्या जागी थिजतो. मेंदूतल्या कोणत्या पेशी त्याला थिजवतात, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम शोधत होत्या. काही उंदरांच्या त्या पेशी मॅडम केसाएवढ्या तारेतून प्रकाश सोडून गप्प करत. कुठल्या उंदरांच्या, ते आम्हाला कळू देत नसत. मी फक्त चित्रफीत बघायची. उंदीर थिजला की कळ दाबून धरायची, हलला की सोडायची.

त्याच फिती मॅडमची विद्यार्थिनी वेगळी बसून बघायची. तिला सगळे चष्मिस म्हणत. आम्हा दोघांचे आकडे जुळले तरच ते धरायचे.

पहिल्यांदा ताळा केला तेव्हा चष्मिस म्हणाली, "काका, तुमचे उंदीर भलतेच शूर आहेत हो! माझे सगळे भित्रे निघाले."

मॅडम हसल्या नाहीत. "दोनशे फितींत काकांचा वेळ दर फितीला दोन-तीन सेकंदांनी कमी आहे. काका, चष्म्याचा नंबर वाढलाय का?"

"असेल," मी म्हणालो. तळटीपेतला निसटलेला स्वल्पविराम ज्याला दिसतो, त्यानं असं म्हणावं!

"पुन्हा बघा, सावकाश. नाहीतर चार महिने पाण्यात."

कळ दाबलेली असते तेवढा वेळ फितीखाली लाल पट्टी उमटते. मी माझ्याच पट्ट्या बघितल्या. पट्टी संपलेली असायची आणि उंदीर दगडासारखा तसाच. हलला, हलला, असं माझा अंगठाच ठरवत होता.

का, ते मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी भर दुपारी माझी बायको रस्त्यापलीकडे उभी होती. मी अलीकडे, हातात कच्च्या छपाईचा गठ्ठा. शेजारी रस्ता फोडायचं यंत्र धडधडत होतं, त्यात तिला ट्रक मागे येतोय हे ऐकू येईना. तिच्या अंगावर सावली चढत गेली. हाक पोचली नसती, पण गठ्ठा टाकून हात केला असता तरी पुरे होतं. मुलीला मी सांगितलं, "क्षणात झालं गं." ती अजून सगळ्यांना तेच सांगते. आणि मला ती सावली कुठेही दिसते. जिन्यात, वाचनालयात, आता त्या पेटीत.

एकदा मी मॅडमना विचारलं, "थिजणं हा दोष म्हणायचा का?"

"उंदरांच्या बाबतीत आम्ही तो शब्द वापरत नाही. घारीला हलणारं आधी दिसतं. थिजणारे वाचतात."

"आणि एकजण थिजल्यामुळे दुसराच मेला तर?"

"ते मला नाही सांगता यायचं, काका. आमच्या पेटीत एकच उंदीर असतो."

अकरा दिवस मी सगळ्या फिती नव्यानं बघितल्या आणि उंदीर खरोखर हलल्याशिवाय कळ सोडली नाही. आकडे जुळले. शेवटची फीत झाल्यावर मी डोळे मिटले, ती दुपार समोर आणली आणि कळ दाबून धरली. सोडली तेव्हा पडद्यावर नऊ सेकंद होते. आठवणीतून मोजलेल्या आकड्यावर कितपत विसंबावं, मला ठाऊक नाही. पण तो क्षण नव्हता.

तिथून तडक मुलीकडे गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"चिमे, आईचं क्षणात झालं नव्हतं. नऊ सेकंद तरी होते."

"कोण म्हणतं?"

"मी. मोजले."

तिचे हात थांबले. "बाबा, सहा वर्षांनी हे काय काढलंत?"

"तू माझं खोटं लोकांना सांगत फिरतेस. मला ऐकवत नाही."

"तुम्ही काय करत होतात तेव्हा?"

"उभा होतो."

"आणि आई? तिला ट्रक दिसला?"

"नाही. ती माझ्याकडे बघत होती."

थांबावं असं वाटलं, पण थांबलो नाही. "मी रस्त्यात मध्येच विचार करत उभा राहायचो ना, तेव्हा ती जशी हसायची, तशी हसत होती. तिला वाटलं, नेहमीचंच."

"शेवटपर्यंत?"

"हो."

हातातला सदरा तसाच घेऊन ती आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. आत जायचा मला काय अधिकार, असं मनात आलं. तोवर पाय उचललाही गेला होता. मी दार ढकललं.