शेजारच्यांची बेल

माझे दाजी दारावरच्या बेल दुरुस्त करतात. तीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून त्यांच्या कानांना एक खोड लागली आहे. कुठलंही संगीत ऐकलं की ते आधी कुठल्या दारावर ऐकलं होतं, हे त्यांना आठवतं.

त्यामुळे चिमणीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, लग्नासाठी चाल निवडायला आम्ही त्यांच्या बैठकीच्या खोलीत जमलो, तेव्हा काम लवकर आटपेल अशी आशा फक्त मलाच होती. चिमणीला हवं होतं एवढंच, की सभागृहाचं दार उघडावं, संगीत सुरू व्हावं आणि बाबांचा हात धरून तिनं आत यावं. बाबांना, म्हणजे दाजींना, ते नको होतं. पण एकुलत्या एका मुलीला नाही कसं म्हणायचं? म्हणून ते चालींना नाही म्हणत होते.

"ही दंतवैद्याकडची," पहिली चाल ऐकून ते म्हणाले. "माझी दाढ दुखायला लागेल."

दुसरी वकिलाच्या दारावरची निघाली. "लग्नाच्या दिवशीच वकील नको. पुढचं पुढे."

तिसरीचे दोनच सूर ऐकून त्यांनी हात वर केला. "हिचं बटण अडकतं. एकदा सुरू झाली की थांबत नाही."

"मग संसाराला हीच योग्य," ताई म्हणाली.

चिमणीनं फोन खाली ठेवला. "बाबा, तुम्हाला यायचंच नाहीये."

"तसं नाही गं. मी पहिल्या रांगेत बसतो ना. एवढी माणसं बघायला लागली की माझा कुठला पाय आधी पडायचा तेच मला कळत नाही. चाल कुठलीही लावा, बिघडणार ती माझीच. आणि समजा, मध्येच डोळ्यांत..."

तेवढ्यात घरची बेल वाजली. पाच सुरांची साधी बेल, पण तिसरा सूर पार बसलेला, सर्दी झाल्यासारखा. वाक्य अर्धवट टाकून दाजी "आलो, आलो" म्हणत उठले आणि तरातरा दाराकडे गेले.

ही बेल चिमणीच्या जन्माआधीपासून बिघडलेली आहे. ताईचे टोमणे मारून झाले, पण दाजींचं एकच उत्तर. "भिंती पातळ, आणि शेजारीही हीच बेल. बरोबर वाजली तर ती शेजारच्यांची. आपण उठायचं कारण नाही."

चिमणी माझ्याकडे बघत होती. "मामा, त्यांचे पाय बघितलेस? एकदाही अडखळले नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिनं ती बेल फोनवर रेकॉर्ड करून लग्नात वाजवणाऱ्या कीबोर्डवाल्याकडे पाठवली. बाबांना सांगितलं, "तुम्ही खुशाल पहिल्या रांगेत बसा." दाजींचा चेहरा सुटका झाल्यासारखा खुलला आणि लगेच थोडा पडलाही.

लग्नाच्या दिवशी चिमणी बंद दाराबाहेर उभी राहिली. मी कीबोर्डवाल्याला खूण केली. त्यानं पाच सूर वाजवले, अगदी गोड. दाजी बसून राहिले. पुन्हा वाजवले. दाजींनी शेजारच्या काकूंकडे पाहिलं, जणू उठायची पाळी त्यांची होती.

मी कीबोर्डवाल्यापाशी गेलो. "तिसरा सूर बसका वाजवा."

"तो चुकला होता. मी दुरुस्त केला."

"तेच तर बिघडलंय. चुकीचा वाजवा."

"अहो, या धंद्यात माझं नाव आहे."

"ते मी राखतो. मामानं सांगितलं म्हणा. मामाला कोणीही नावं ठेवतं."

त्यानं डोळे मिटले आणि बेसूर वाजवलं.

"आलो, आलो," म्हणत दाजी उठले. एवढ्या माणसांमधून, एकाकडेही न बघता, ते तरातरा दाराशी गेले आणि त्यांनी दार उघडलं. समोर चिमणी, नटलेली.

"किल्ली विसरलीस?" ते म्हणाले. शाळेपासून तिला हेच विचारत आले होते.

"हो, बाबा," ती म्हणाली आणि तिनं हात पुढे केला.

परतताना त्यांचे डोळे वाहत होते, पण पाय बरोबर पडत होते. कीबोर्डवाला तोच बेसूर पुन्हा पुन्हा वाजवत होता, तोंड भिंतीकडे करून.

जेवताना मी विचारलं, "दाजी, आधी दोनदा वाजली तेव्हा का नाही उठलात?"

"मला वाटलं," त्यांनी पाण्याचा घोट घेतला, "शेजारच्यांची."