उपरा कोण ते ॲप ठरवेल

टेकडीवरच्या सरकारी रानात जांभळ्या फुलांची परकी वेल अशी लाडात आली होती, की झाडांच्या गळ्यातली तिची मिठी कुठं संपते आणि फास कुठं सुरू होतो, कळू नये. वनाधिकारी बाईंना मात्र कळत होतं. शेंगा वाळल्या होत्या. त्या तडकायच्या आत वेल निघाली नाही, तर रान हातचं जाणार होतं. पण ‘निर्णयमित्र’ नावाच्या ॲपनं हो म्हटल्याशिवाय कोयता उचलायचा नाही, असा वरून हुकूम. आणि हा मित्र हंगामभर एकच पालुपद लावून बसलेला: ‘आणखी माहिती हवी.’

ॲप बनवणारा बाईंचा सख्खा दीर.

“भावोजी, शेंगा थांबणार आहेत का तुमच्यासाठी?”

“सुधारणा चालूय ना, वहिनी! बटण चौकोनी होतं, गोल केलं.”

“वेल घाबरली असेल.”

“करा चेष्टा. आता ॲप फोटो बघून ठरवतं. जास्त दिसेल ते इथलं, तुरळक ते उपरं.”

बाईंनी रान पालथं घालून फोटो काढले, प्रत्येकाखाली नाव लिहिलं. जिकडेतिकडे वेलच वेल. झाड कुठंतरी, बुडत्यानं हात वर करावा तसं. ॲपनं तत्काळ कौल दिला: ‘झाडं उपरी. झाडं काढा, वेल जपा.’ खाली हसरा चेहरा.

“तक्रार नोंदवा, पुढच्या आवृत्तीत बघू,” दीर फोनवर म्हणाला.

“तोवर शेंगांचं काय?”

“शेंगांचा विभाग वेगळा आहे, वहिनी.”

बाईंनी दातओठ खात नावांची अदलाबदल केली. वेलीच्या फोटोंखाली ‘झाड’, झाडांच्या फोटोंखाली ‘वेल’. ॲपनं मान डोलावली: ‘वेल उपरी. वेल काढा.’ हुकूम चोख! कोयते चालले, खरी वेल मुळासकट निघाली, खोडांना ऊन लागलं. लेकराचा ताप उतरला का बघावं, तसा बाईंनी एका खोडावर तळवा ठेवला.

तेवढ्यात दीर धापा टाकत टेकडी चढून आला.

“जिंकलंत, वहिनी! तुमच्या फोटोंवरून ॲप शिकलं. उद्यापासून सगळ्या सरकारी रानांत हेच. नावं लिहायची कटकट नाही, वेल कुठली ते आपलं आपण ओळखतं.”

“कशावरून ओळखतं?” बाईंनी विचारलं.

“तुम्हीच शिकवलंत की! हे बघा.”

त्यानं मोबाइल त्याच खोडासमोर धरला. पडदा चमकला: ‘वेल. काढा.’

“रेंज नसेल,” दीर म्हणाला.