मयताची गाडी

इंजिनाच्या नव्या बेअरिंगांना राखेनं घासायचं नसतं, हे जाहिदाला ती घासून लख्ख केल्यावर कळलं. नांदेडहून आणलेली ती अर्धगोल पाती चिकट ग्रीसनं बरबटलेली होती, आणि नवं भांडं घासल्याशिवाय चुलीवर चढवायचं नाही ही तर तिची माहेरापासूनची शिस्त. ताहेर मिस्त्रीनं एक पातं उजेडात धरलं, त्यावरचे ओरखडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"भाभी, ह्याच्यावर मऊ धातू असतोय. आता हे शाफ्टच खाऊन टाकंल."

"मग दुसरी आणते," जाहिदा म्हणाली.

ओट्यावर बसलेला तिचा मुलगा बिलाल वैतागला. दारातली पत्र्याची शेड पाडून तिथं शिकवणीच्या पोरांसाठी खोल्या काढायच्या, हा त्याचा बेत. दहावीचे निकाल लागले की चाकूर-देवणीकडून ट्रंका घेऊन पोरं लातुरात उतरायची, आणि ज्याच्याकडे चार खाटांची जागा तो होस्टेलवाला व्हायचा. यांच्या जागेत मात्र बापाची बंद जीप ठाण मांडून बसलेली. भंगारवाला आला की जाहिदा त्याला चहा पाजायची आणि वाटेला लावायची.

ही जीप जाहिदाचा नवरा अकरम चाकूरच्या रस्त्यावर प्रवासी भरून चालवायचा. भूकंप झाला त्या सकाळी मागची बाकं काढून तो किल्लारीकडे गेला आणि ढिगाऱ्यातली माणसं वाहत राहिला. जिवंत ती दवाखान्यात, मेलेली ती सरणाकडे. शेवटच्या खेपेत इंजिन जाम झालं. मयत वाहिलं म्हणून गाडी मेली, असं आधी स्टँडवर बोललं गेलं, मग गल्लीत, आणि पुढेपुढे अकरमही तेच बोलू लागला. त्यानं जीप उघडून पाहिली नाही आणि कुणाला पाहू दिली नाही. आपला हातच वाईट, असं मनाशी धरून तो आडतीवर पोती उचलत राहिला आणि तसाच गेला. याचा जाहिदाला संताप होता, आणि तो कमी व्हावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

म्हणून तिनं इंजिन खोलायला घेतलं. ताहेरला अट घातली की तुम्ही नुसतं सांगायचं, हात मी लावणार. सकाळी शिकवणीच्या पोरींचे डबे करायचे, पोचवून यायचे आणि दुपारी पाना धरायचा. सुरुवातीला नट हलेना. पान्याला पाइप अडकवून सगळा भार टाकला तेव्हा कुठे पहिला कुरकुरला. पुढे इंजिनाचा सांगाडा, म्हणजे ब्लॉक, लेथवर पाठवायच्या आधी त्याच्या पोटाखालची तेलाची परात, जिला मिस्त्री चेंबर म्हणतात, ती उतरली. तिला खाली मोठा पोचा होता आणि पोच्यात बोटभर भेग.

ती तिनं बिलालच्या पुढ्यात ठेवली होती. "दगड लागला. पडलेल्या घराचा दगड. तेल सगळं गळालं. मागं माणसं व्हती, तुझा बाप थांबून बघंल कसा?"

बिलालनं भेगेवरून बोट फिरवलं. त्याचे डोळे भरले, पण खोल्या काही त्याच्या डोक्यातून जाईनात. आज बेअरिंगं वाया गेल्यावर तो म्हणाला, "अम्मी, कशानं मेली ते कळलं ना तुला? दे आता भंगारात."

"मला कळलंय. गावाला कुठं कळलंय?"

ती पुन्हा नांदेडला जाऊन आली. या खेपेला पाती फडक्यानं पुसली, वर तेल लावलं आणि बसवली. जीप पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा गल्लीभर धूर झाला आणि लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं डबे जीपमध्ये भरले. बिलालनं विनवलं की मेस बुडेल, लोक जेवण टाकतील. ती चाकामागे बसली आणि पहिल्याच गिअरवर धक्के खात शिकवणीच्या गल्लीत पोचली. तिचे निम्मे डबे कस्तुराबाईच्या होस्टेलात जात. कस्तुराबाई भूकंपात घर गेल्यावर लातूरला आली आणि पोरी ठेवून सावरली होती. गाडी पाहून ती फाटकातच आडवी उभी राहिली. पोरी वर कठड्याला.

"जाहिदाभाभी, ह्या गाडीतलं अन्न मी पोरींला देणार न्हाई. उद्यापासनं डबे बंद."

"करा बंद," जाहिदा म्हणाली. तिचा आवाज चढलेला होता. "तुमच्या धाकट्या बहिणीच्या मयताला कुणीच हात लावंना, तवा अकरमनं तिला उचलून ह्याच गाडीत निजवलं. तवा गाडी न्हाई बघितली तुमी. गाडी दगडानं मेली, कस्तुराबाई. तुमच्या बहिणीनं न्हाई मारली."

कस्तुराबाई फाटकातून हलली. चालत जीपच्या मागे आली. डब्यांच्या पिशव्यांमधून दिसणारा पत्रा बघत राहिली.

"कुठल्या बाजूला निजवलं व्हतं तिला?"

जाहिदाला ते ठाऊक नव्हतं. अकरमनं कधी सांगितलं नव्हतं. आणखी चार शब्द सुनावायचे म्हणून ती तयार होऊन आली होती, ते तोंडातच राहिले. कस्तुराबाईनं दोन पिशव्या बाजूला सारल्या आणि हादरणाऱ्या पत्र्यावर तळहात टेकवला. इंजिन बंद पडू नये म्हणून जाहिदानं ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच दाबून धरला.