सहदेवकाकांचा पट्टा

सिद्धेश राऊळला एक खोड होती. जे माहीत आहे ते त्याला पोटात ठेवता यायचं नाही. कुणी विचारो न विचारो, हा आपला सांगत सुटायचा. आणि त्यातून विषय जुन्या लष्करी पट्ट्यांचा निघाला, मग तर देवच वाचवो.

साकीनाक्याला त्याचा लहानसा गाळा होता. पर्सच्या, बॅगांच्या पितळी कड्यांना आणि बकलांना पॉलिश मारायचं काम. एकदा भंगारातून आलेल्या पितळेबरोबर एक जाड सुती पट्टा आला. बकल काढून पट्टा फेकायचा, एवढंच करायचं होतं. पण आतल्या अंगाला शाईचा फिका ठसा दिसला, विलायतेतल्या कारखान्याचा, दुसऱ्या महायुद्धातल्या सालाचा. झालं. ते भूत जे मानगुटीवर बसलं ते उतरलंच नाही. आता मुलुंडपासून पार कोलकात्यापर्यंतचे शौकीन त्याला फोटो पाठवायचे आणि विचारायचे, हा कुठला रे, खरा की नकली? सिद्धेश नुसत्या विणीवरून सांगायचा. विलायती वीण घट्ट आणि एकसारखी. युद्धाच्या घाईत आपल्याकडे विणलेल्याचा धागा भरड, हाताला खरखरीत लागणारा. पुढे स्वातंत्र्यानंतर इथे बनलेल्यांचा ठसा वेगळा, पितळ पातळ. चुकायचा क्वचित. याचा त्याला गर्व होता आणि तो त्याने कधी लपवला नाही.

या पट्ट्याची एक गंमत असते. त्याला आपल्या साध्या पट्ट्यासारखी भोकं नसतात. दोन्ही टोकांना पितळेचे हुक, आणि आतल्या बाजूला विणीतच ओळीने विणलेले बारीक खण. टोक आत दुमडायचं आणि हुक हव्या त्या खणात अडकवायचा. कंबर बारीक असेल तर जास्त दुमडायचं, जाड असेल तर कमी. पट्टा ज्याला मिळाला तो एकदा आपल्या मापाने बसवायचा आणि मग समोरचं बकल तेवढं लावायचा-काढायचा.

शौकिनांना या मापाशी काही घेणंदेणं नसतं. पट्टा हातात आला की पहिलं काम दोन्ही हुक सोडायचे आणि पट्टा सपाट पसरायचा. ठसा बऱ्याचदा घडीखाली लपलेला असतो आणि पूर्ण लांबी कळल्याशिवाय पट्टा कुठल्या प्रकारचा ते सांगता येत नाही. शेंगा सोलाव्यात तसे सिद्धेशचे हात हे काम आपोआप करायचे.

चारकोपला सेक्टरमधल्या एका खोलीत त्याची मालनकाकी एकटी राहायची. वडिलांच्या थोरल्या भावाची, सहदेवकाकांची बायको. सहदेवकाका मराठा पलटणीत होते आणि एकाहत्तरच्या लढाईत गेले. तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मूल नाही. कुडाळच्या घरी एक काळी ट्रंक आली, तिच्यात दोन शर्ट, दाढीचं सामान आणि तो पट्टा. शर्ट कधीच विरले. काकी दिरामागोमाग मुंबईत आली, दिराची पोरं तिने वाढवली, सिद्धेश तर तिच्याच मांडीवर मोठा झाला. पट्टा तिच्या कपाटात आतल्या खुंटीला असायचा, बकल लावलेला, गोल. सिद्धेशने तो लांबून पाहिला होता. मागायची मात्र त्याची कधी छाती झाली नव्हती.

गणपतीत सगळं खटलं काकीकडे जमलं होतं. कुणीतरी विचारलं, काय रे, तुझ्या पट्ट्यांचं कसं काय चाललंय? बस्स, एवढंच हवं होतं. सिद्धेशने जी गाडी सोडली ती विणीवरून ठशावर, ठशावरून पलटणीवर. बोलता बोलता म्हणाला, अहो, पलटणीत हे पट्टे फिरत असत, एक जण गेला की त्याचा पट्टा दुसऱ्याच्या कमरेला. ट्रंकेतून घरी आलेला पट्टा त्याच माणसाचा असेल याचा काय भरवसा? निधीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला कोपराने ढोसलं तेव्हा त्याला कळलं की काकी स्वयंपाकघराच्या दारात मोदकांचं ताट घेऊन उभी आहे. तिने सगळ्यांना मोदक वाढले, त्याला एक जास्तच वाढला.

अरे, जिभेला काही हाड? पण आता बोलून काय उपयोग. शब्द सुटला तो सुटलाच.

विसर्जन झालं आणि काकीचा फोन आला, येऊन जा. सिद्धेश गेला तर तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं बोचकं त्याच्यासमोर ठेवलं. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. शेजारीण म्हणाली होती की म्हातारी धड जेवत नाही.

"सिद्धू, तू म्हटलस मां, पट्टे बदलतत. तर ह्यो ह्येंचोच काय, ता माका नीट बघून सांग. आणि माका बरा वाटाक म्हणान खोटा सांगू नको."

सिद्धेश म्हणाला, काकी, मी आपलं उगाच बोललो गं, तू कशाला मनावर घेतेस. पण ती हटेना. खरं सांगायचं तर त्यालाही मोह झाला होता. इतक्या वर्षांनी तो पट्टा हातात येत होता. नीट सांभाळीन म्हणाला आणि बोचकं घेऊन निघाला.

गाळ्यावर त्याने टेबल पुसलं, दिवा ओढून घेतला, बोचकं सोडलं. पट्टा गोल, बकल लावलेला. त्याने बकल काढलं, डावा हुक सोडला, उजवा सोडला, पट्टा पसरला आणि मग फोटो काढायला लागला. एवढ्या वर्षांच्या घडीने टोकं वळलेली होती, सपाट बसेनात, म्हणून त्याने पट्टा खिळ्याला उभा टांगून खाली पितळेचं वजन बांधलं. काम अगदी रीतसर केलं. दोन दिवसांनी पट्टा सरळ झाला. भिंगातून पाहिलं तर भारतीय बनावट, ठशातलं साल काकांच्या भरतीच्या आधीचं. म्हणजे काकांच्या आधी तो कुणीतरी वापरलेला. काकीला आता काय सांगायचं?

आणि मग उजव्या टोकाला, जिथे घडी कायम दुमडलेली राहिली होती, तिथे त्याला शाईचे चार आकडे दिसले. जवान आपल्या नंबराचे शेवटचे चार आकडे सामानावर घालतात. काकांचा नंबर घरात सगळ्यांना पाठ होता, पेन्शनच्या कामाला काकी तो देवाच्या नावासारखा म्हणायची. सिद्धेशने तीन-तीनदा वाचलं. तेच आकडे. एरवी गाळ्यात माणसांना डाफरणारा हा माणूस, पण तेव्हा तोंड फिरवून रडला.

रविवारी तो चारकोपला अक्षरशः धावत गेला. चप्पल काढता काढताच म्हणाला, काकांचाच आहे, शंभर टक्के काकांचा. पिशवीतून पट्टा काढून पलंगावर लांब पसरला, भिंग काकीच्या हातात दिलं, आकडे दाखवले. काकीने एकेक आकडा बोट ठेवून वाचला. मग तिने कपाळ त्या आकड्यांवर टेकवलं आणि बराच वेळ तशीच राहिली. सिद्धेशला वाटलं, आपण जन्मात एक तरी चांगलं काम केलं.

मान वर केल्यावर तिचा चेहरा मोकळा झाला होता. ती म्हणाली, "एवढी वर्सां मी कोणा परक्याक तर मिठी मारूक नाय मां, ह्योच एक घोर होतो."

सिद्धेशला काही समजलं नाही. मग काकीने सांगितलं. कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते, खाली बघत, नव्या नवरीसारखी लाजत. शेवटची सुट्टी संपवून काका निघाले तेव्हा अंगावर गणवेश, कमरेला हा पट्टा. बाहेर सासरा, दीर, गाडीवाला, सगळे खोळंबलेले. माजघराच्या दाराआड तिने त्यांना दोन्ही हातांनी धरलं. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी पहिल्यांदाच. तेव्हा तिच्या डाव्या हाताने तिच्याच उजव्या हाताचं मनगट धरता आलं होतं, एवढी त्यांची कंबर. पुढे ट्रंक आली. तिने पट्ट्याचं बकल लावलं, गोधडीची गुंडाळी करून त्या गोलात घट्ट बसवली आणि मिठी मारली, तर डाव्या हातात उजवं मनगट बरोबर तिथेच आलं. तेव्हापासून दुपारी घरात कुणी नसलं की ती दार लावून घ्यायची आणि गोधडीला तो पट्टा घालायची. सासूच्या घरी, दिराच्या घरी, या खोलीत. फोटो एकच होता, तोही छातीपर्यंतचा. तोंडावळा पुसट झाला, आवाज तर कधीचाच विसरला, पण एवढं मात्र हातांना पक्कं ठाऊक होतं.

सांगून झाल्यावर तिने पलंगावरच्या लांबलचक पट्ट्याकडे पाहिलं. "होतो तसो करून दी मगे," ती म्हणाली.

सिद्धेशने पट्टा हातात घेतला. हुक कुठल्या खणात होते? त्याने बघितलंच नव्हतं. शेकडो पट्टे उघडले त्याने, एकदाही बघितलं नव्हतं. मोबाइल काढून फोटो चाळले. पहिला फोटोही पट्टा उघडल्यानंतरचाच. मग पट्टा उजेडाकडे धरून खण तपासायला लागला. पितळ बसून बसून कापडावर हिरवट डाग पडतो, त्यावरून कळेल, असं त्याला वाटलं. डाग होते. दोन्ही टोकांना दोन-दोन, तीन-तीन खणांत होते. काकांच्या आधी ज्याने वापरला त्याचा एक असणार. कोवळ्या वयात भरती झालेले काका पुढे अंगाने भरले असतील, त्यांचेच दोन असतील. घडीच्या रेघा बघाव्यात, तर त्या त्याने स्वतःच वजन बांधून घालवल्या होत्या. जगभरचे पट्टे ओळखणारा हा शहाणा, आणि घरातल्या एका पट्ट्याची घडी त्याला सांगता येईना.

"काकी, मी... मला माहीत नव्हतं गं."

काकी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, लावून तर बघ, माझ्या हातांना कळेल. तिने कपाटातून गोधडी काढली, तिची नेहमीसारखी गुंडाळी केली. सिद्धेशने सगळ्यात गडद डाग बघून दोन्ही हुक अडकवले, बकल लावलं. काकीने गोधडी आत बसवली, डोळे मिटले आणि मिठी मारली. सिद्धेशने दुसरीकडे पाहिलं. दुसऱ्याच्या संसारात शिरल्यासारखं त्याला झालं होतं.

"नाय. ह्ये इतके जाडे नव्हते."

त्याने हुक एक खण आत घेतले. तिने मिठी मारली, मनगट चाचपलं. हे फारच बारीक. मग डावा हुक पुढे, उजवा मागे. पुन्हा गोधडी, पुन्हा मिठी. हे जवळपास वाटतं, म्हणाली, पण तेच असं नाही. उजवाही पुढे घे. नको, तो राहू दे, डावा मागे घे. सिद्धेशच्या हातून हुक सारखे खणांवरून निसटत होते. काकीने त्याचं मनगट धरून त्याला धीर दिला, हळू कर रे, घाई नाही. ती सत्तरी ओलांडलेली बाई पुनःपुन्हा डोळे मिटून गोधडीला हात घालत होती आणि प्रत्येक वेळी जरा जास्त वेळ थांबत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता.

मघाचा लाव, ती म्हणाली, जवळपास वाटला होता तो. सिद्धेशने तो लावला. निदान तो तरी त्याने आता लक्षात ठेवला होता. तिने मिठी मारली, मनगट धरलं, सोडलं, परत धरलं. मग गोधडीवर गाल ठेवून ती हलकेच रडायला लागली.

सिद्धेश तिच्या पायाशी बसला. म्हणाला, काकी, अजून एक खण आत घेऊन बघू या, शोधून काढू आपण, मी रोज येतो, सगळे खण एकेक करून बघू.

तिने मान हलवली. तिचे हात अजून गोधडीभोवतीच होते, पण सैल.

"नको रे झिला. इतके लावन बघितलंव, ते सगळेच ह्येंच्यासारखे वाटाक लागले. मगासपर्यंत हातांका ठावक होता. आता माकाच कळणा नाय, ह्ये किती होते ते."