डेल्बर्टचा एवढासा नाच

मित्रांनो, पत्र्याच्या गोल डब्यात वेटोळे घालून पडलेले मी सिनेमाचे एक जुने रीळ आहे. जवळ आलात तर आंबूस वास येईल. नाक मुरडू नका, म्हातारपण आहे ते.

माझा जन्म हॉलिवूडचा, ऐन दुसऱ्या महायुद्धातला. सुटीवर आलेल्या सैनिकांचे एक कॅन्टीन. तिथे नामवंत नट कप विसळतात, गाणी म्हणतात, नट्या सैनिकांबरोबर नाचतात, अशी माझी गोष्ट. गर्दीतले सैनिक मात्र खरे होते. त्यातलाच एक अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा डेल्बर्ट. नाचताना त्याने एका बड्या नटीच्या पायावर पाय दिला आणि असा काही लाजून हसला, की दिग्दर्शकाने ते तसेच ठेवले.

फिरत फिरत मी डेल्बर्टच्या गावी पोहोचले, तोवर तो लढाईत मारला गेला होता. त्याची आई ब्यूला रोज थिएटरात येई आणि तेवढा नाच पाहून उठून जाई. शेवटचा खेळ झाला. सकाळच्या गाडीने मी पुढच्या गावी जाणार होते. मशीन चालवणाऱ्या ऑर्विलला राहवेना. रिळातून आवडत्या नटीचा तुकडा कापून खिशात घालायची खोड या लोकांना असतेच. त्याने कात्री घेतली आणि डेल्बर्टचा अख्खा नाच कापून ब्यूलाच्या हातात ठेवला. माझा तर जीवच काढून नेला!

सकाळी ब्यूला धापा टाकत आली.

"ऑर्विल, खिडकीत धरून बघितलं रे. ढीगभर डेल्बर्ट आहेत यात, पण एकही नाचत नाही!"

"काकू, तुमच्यासाठीच कापलं मी."

"कळतं रे बाबा. पण परत जोड."

"जोडलं की तो जाणार बघा. पुन्हा दिसायचा नाही."

"जाऊ दे. घरात कधी टिकला होता तो?" ती हसली, मग तिने डोळे पुसले. "नाचू दे त्याला. दुसऱ्या कुणाच्या तरी पोराची आई बघेल."

ऑर्विलने मला जोडले, तिच्यासाठी एकदा चालवले आणि डब्यात भरले.

तो सांधा अजून माझ्या अंगावर आहे. तिथे चित्र किंचित उडते. मित्रांनो, जुनी रिळे हाती आली तर हलक्या हाताने गुंडाळा, विस्तवापासून दूर ठेवा, आवडता तुकडा कापू नका. आणि मला कधीतरी चालवा. डेल्बर्टने पाय उचललेला आहे. कितीतरी वर्षे तो तसाच उभा आहे.