वरून चौथा थर

फुलंब्रीच्या रस्त्याकडेची विहीर सोमवारी बुजवणार असं कळलं, आणि सुलेखाने कॉलेजात रजा टाकून विहिरीत उतरवणारा यारीवाला ठरवला. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंना विहिरीतली मूठभर तांबडी माती हवी होती. विहीर खोदली होती तिच्या बाबांनी, जन्मभर विहिरी खोदणाऱ्या सांडूंनी. तेही काठी टेकत काठावर येऊन बसले होते.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी उत्तरेला सरकत असताना इथली जमीन भेगाळली आणि लाव्हा थरावर थर पसरला. मधल्या शांत काळात माती साचली, पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. त्या शांततेचा पुरावा म्हणजे विहिरीच्या भिंतीतला हा तांबडा पट्टा. सोमवारनंतर तो कुणालाच दिसणार नव्हता.

लहानपणी बाबा रोज संध्याकाळी खिशातून प्रत्येक थराचा खडा काढून खिडकीत ओळीने मांडायचे. "चाटून बघ. जीभ चिकटली तर माती, नायतर दगड." काय दिवस होते ते! वरचा मुरूम पहिला, त्याखालचा दुसरा, अशी त्यांची मोजणी. पुढे कॉलेजात शिकताना सुलेखाने तसाच तक्ता काढला आणि सगळ्या वर्गात हसं झालं. घरी येऊन तिने बाबांच्या गड्यांसमोरच तोफ डागली, "तुमचं मोजणंच उलटं आहे. सगळ्यात जुना थर तळाला, तिथून मोजतात!"

"व्हय का," एवढंच बाबा म्हणाले. त्यानंतर तीस वर्षांत खिडकीत एक खडा आला नाही.

आता ती यारीच्या पाळण्यात लोंबकळत होती. भिंतींवर बोटभर शेवाळ, आणि तळ गाळात नि पाण्यात बुडालेला. शास्त्राप्रमाणे मोजायचं तरी कुठून? शेवटी तिने मान वर केली.

"बाबा, तांबडा थर कितवा हो?"

बाबा काठावरून खाली वाकले.

"तुझ्या मोजणीनं का माझ्या?"

"तुमच्या, बाबा. तुमचीच बरोबर होती इथं."

"मग चौथा. पाच परसावर, उगवतीच्या अंगाला."

पाच पुरुष, म्हणजे तीसेक फूट खोलीवर तिने शेवाळ खरवडलं. आत विटेसारखा तांबडा रंग. तिने एक खडा काढून जिभेला लावला, जीभ चिकटली.

वर येताच तिने वहीत लिहिलं, 'वरून चौथा.' नमुना पिशवीत बंद केला, उरलेला खडा बाबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चाटून पाहिला, मान डोलावली आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"चल घरी," ते म्हणाले, "खिडकी लई दिसाची रिकामी हाय."